चौथी खूण

शनिवारी शाळेतून आल्यावर शरूनं दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "मम्मी, आपल्या घरात चौथं कोण राहतं?"

मी भाजी निवडत होते. घरात आम्ही तिघं. मी, माझी आठवीतली मुलगी आणि माझे वडील. शरूचे बाबा जहाजावर असतात, वर्षातून दोनदा येतात. आई दिवाळीनंतर गेली. तिच्या आजारपणात मी पुण्याच्या ग्रंथालयातून रजा घेऊन इथे आले होते, शरूचं नाव इथल्या शाळेत घातलं होतं, आणि रजा वाढवत वाढवत उन्हाळ्यापर्यंत आले होते.

"कोण म्हणालं चौथं?"

"नाकाड्या म्हणाला. आपल्या घराचा ठिपका पिवळा झालाय. सगळ्यांनी बघितला."

शाळेच्या फाटकाशी संक्रांतीनंतर एक यंत्र बसवलं होतं. त्याचं अधिकृत नाव लांबलचक होतं, म्हणून पुढे मुलांनी त्याला नाकाड्या हे नाव दिलं. दर शनिवारी मुलांनी घरचा सुका कचरा आणून त्याच्या तोंडात टाकायचा. यंत्र प्रत्येक वस्तूवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतं. दुधाची पिशवी, शांपूची बाटली, चिवड्याचं चकचकीत पाकीट, प्रत्येकाचं प्लास्टिक तो प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं शोषतं, त्यावरून जात ओळखायची आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकून तुकडे करायचे. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. गावातल्या ओढ्यात अडकणाऱ्या पिशव्या खरोखरच कमी झाल्या.

पण जास्त कचरा आणणाऱ्या वर्गाला ढाल मिळायची. पोरंच ती. कुणी वाण्याच्या मागची खोकी उचलून आणली, कुणी वाढदिवसाला मुद्दाम छोटी छोटी पाकिटं विकत घेतली. कचरा कमी करायला आणलेल्या यंत्रामुळे गावात कचरा वाढला. मग कंपनीनं त्याला नाक बसवलं.

आपल्या तोंडात शेकडो जातींचे जीवाणू नांदत असतात. कुठली जात किती, हे प्रमाण सहसा दोन माणसांत सारखं नसतं. आपण बोलतो, खोकतो, दातांनी पाकीट फाडतो, आणि त्या वस्तीचा थोडा अंश वस्तूवर उरतो. नाकाड्याच्या आत प्रथिनांचे बारीक ठिपके असलेली एक पट्टी आहे. प्रत्येक ठिपका ठरावीक जीवाणूच्या अंशालाच धरतो. कुठले ठिपके किती धरले गेले त्याची नक्षी म्हणजे त्या माणसाची खूण. पालकसभेत सगळ्यांच्या गालांच्या आतून कापूस फिरवून नमुने घेतले गेले. आता कचरा घरचाच आहे की उचलून आणलेला, हे यंत्राला कळू लागलं. फाटकावरच्या फलकावर प्रत्येक घराच्या ओळीत नावं आणि हिरवा ठिपका; अनोळखी खूण पाहुण्याची म्हणून महिनाभर चालायची, त्यानंतरही आली की ठिपका पिवळा.

आणि गावालाही कळू लागलं. भाडेकरूच्या खोलीत दोघांऐवजी चौघं राहतात हे घरमालकाला मुलाच्या शाळेतल्या पिवळ्या ठिपक्यानं सांगितलं. एका घरातली एक खूण येईनाशी झाली, महिनाभरानं फलकावरचं नाव पुसट झालं, तेव्हा नवरा-बायको वेगळे झाल्याचं शेजाऱ्यांना आधी आणि माहेरच्यांना नंतर समजलं. मी हे सगळं ऐकायची आणि मनात म्हणायची, काय लोक आहेत. आता आमच्या घराचा ठिपका पिवळा झाला होता.

"यंत्र आहे. चुकलं असेल," मी शरूला म्हणाले.

"चुकत नाही ते. बाई आहे असं आलंय. साठीच्या पुढची." शरूनं आवाज खाली आणला. "मम्मी, आप्पाआजोबांची कुणी मैत्रीण आहे का?"

मी तिला हात धुवायला पाठवलं. भाजी मात्र त्यानंतर नीट निवडली गेली नाही.

*

माझे वडील त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. हत्तरकी सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शाळेमागचे गांडूळखताचे खड्डे आणि रोपवाटिका तेच बघत. आई गेल्यावर घरात ते फारसं बोलत नसत, पण रोज सकाळी खत चाळायची जाळी खांद्याला अडकवून शाळेत जात आणि मुलांवर ओरडून ओरडून ताजे होऊन येत. जेवण कमी झालं होतं, झोप कमी झाली होती. ती जाळी तेवढी सुटली नव्हती.

आता माझं लक्ष त्यांच्या दुपारकडे गेलं. चहाआधी तास-दीड तास ते कुठे तरी जायचे. विचारलं तर "जरा पाय मोकळे करून येतो." एकदा परत आले तेव्हा घड्याळाच्या पट्ट्यात पांढरं काही तरी अडकलेलं दिसलं. त्यांनी हात धुतले, पण पट्टा धुवायचं राहिलं. मी उन्हात धरून पाहिलं. ज्वारीचं पीठ.

आमच्या घरी भाकरी मी करत होते. त्यांनी आयुष्यात परातीला हात लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालायचं निमित्त केलं. आप्पा गल्लीच्या टोकाशी वळले आणि कुराडेबाईंच्या घरात शिरले. मालन कुराडे शाळेत शिवण शिकवायच्या. त्याही निवृत्त, त्याही एकट्या. आईची आणि त्यांची चांगली मैत्री. आई गेली त्या दिवशी घरातल्या सगळ्यांसाठी पिठलं-भात त्यांनीच आणला होता.

मी बादली तशीच ठेवून बसून राहिले. मी आयुष्यभर पुस्तकं वाचलेली बाई आहे. माणसं एकटी पडतात, म्हातारपणी सोबत शोधतात, त्यात वाईट काय, हे मी दुसऱ्या कुणाला शांतपणे समजावून सांगितलं असतं. पण आईचा चष्मा अजून देवघराच्या फळीवर होता.

बुधवारी शाळेतून निरोप आला. मुलांबरोबर काम करणाऱ्याच्या घरात नोंद नसलेली व्यक्ती असू नये, असा नियम होता. प्रश्न सुटेपर्यंत सरांनी खड्ड्यांवर येऊ नये. आप्पांनी निरोप वाचला, फोन उपडा ठेवला आणि जाळी न्हाणीघरामागे नेऊन ठेवली.

"सुटेपर्यंत म्हणजे कधी?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? मी काय यंत्र आहे?"

"मग कुणाला विचारू? कुराडेबाईंना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आईला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आप्पा. घरात वयात येणारी मुलगी आहे. ती मला विचारते, आजोबांची मैत्रीण कोण. काय सांगू तिला? येतात कधी त्या इथे? मी बाजारात गेल्यावर?"

"वैजू," ते म्हणाले, "भाकरी शिकायला जातो मी."

"काय?"

"तुझी रजा संपत आली. तू जायचं नाव काढत नाहीस, का तर म्हाताऱ्याला कोण घालणार खायला. मला स्वतःचं करून घेता आलं तर तू सुटशील, म्हणून जातो. माझी भाकरी अजून तव्यावर फाटते. बाई हसतात. एवढंच आहे."

माझा विश्वास बसला नाही. संशयाची एक खोड असते. त्याला खरं उत्तर मिळालं की तो ते उत्तरसुद्धा पुराव्यात जमा करतो. इतकं नीट उत्तर तयार होतं म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं असणार, असं मला वाटलं.

आप्पांनी त्या दिवसापासून बाहेर जाणं बंद केलं.

*

पुढच्या शनिवारी कचरा मी स्वतः तपासला. वर्तमानपत्र पसरलं आणि डबा त्यावर उपडा केला. दुधाच्या पिशव्या, शरूच्या बिस्किटांचे कागद, आप्पांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. केसाची पिन नाही, पानसुपारीची पुडी नाही, काही नाही. सगळं त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि शरूच्या हातात दिलं.

ती धावत घरी आली. "हिरवा! मम्मी, हिरवा! तीनच आले!"

आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला जे वाटलं ते विजयासारखं होतं, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. ते घरी बसले आणि खूण गेली. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला असता?

त्या संध्याकाळी कुराडेबाई दुकानात भेटल्या. त्यांच्या कानावर सगळं आलेलं दिसत होतं. गावात अशा गोष्टी माणसाआधी पोचतात.

"काय गं वैजू, माझ्या गालातला कापूस पाहिजे काय तुला?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "घे की. तोंड उघडते. तुझ्या आईच्या मैत्रिणीला तू काय ओळखायचीस, यंत्राला तरी ओळखू दे."

दुकानदार उगीचच तराजू पुसत राहिला. मी साखर न घेता परत आले.

हिरवा ठिपका आठवडाभर टिकला. मुख्याध्यापिका देसूरकर मॅडमनी कळवलं होतं की अजून एक शनिवार हिरवा आला तर सर खड्ड्यांवर येऊ शकतात. शुक्रवारी आप्पांनी जाळी पुढच्या अंगणात आणून झटकली.

त्या आठवड्यात ते फाटकाबाहेर पडले नव्हते. घरी कुणी आलं नव्हतं. मी बाजारातही शरूला पाठवत होते. शनिवारी सकाळी कचरा नेहमीसारखा एका पिशवीत भरला, तोंड बांधलं आणि निश्चिंत मनानं शरूच्या हातात दिला.

ठिपका पिवळा आला.

शरू रडत होती. "मी काय केलं नाही, मम्मी. वाटेत कुणाचं काय घेतलं नाही. शप्पथ."

आप्पांनी जाळी उचलली आणि पुन्हा न्हाणीघरामागे ठेवली. येताना माझ्याजवळ थांबले. "आता कुणावर संशय घेशील?" एवढंच विचारलं.

मी चप्पल घातली आणि शाळेत गेले.

*

देसूरकर मॅडम चाळिशीच्या, घाईच्या, मनानं वाईट नसलेल्या बाई होत्या. आप्पांच्या विद्यार्थिनी.

"मला ठिपका नको," मी म्हणाले. "कुठल्या वस्तूवर, कुठे, ते पाहायचंय."

"तसं पालकांना दाखवत नाहीत."

"मग कोणाला दाखवतात?"

"ते वर जातं."

"वर म्हणजे कुठे?"

मॅडमनी एकदा छताकडे पाहिलं आणि त्यांनाच हसू आलं. "खरं सांगू? मलाही माहीत नाही. बसा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

आमच्या घरच्या वस्तू एकेक करून दिसू लागल्या. बिस्किटाचा कागद: शरू. गोळ्यांचं पाकीट: आप्पा. दुधाची पिशवी: मी. सगळं स्वच्छ. चौथी खूण एकाच वस्तूवर होती. ज्या पिशवीत हे सगळं भरून दिलं होतं, तिच्यावर. तांदळाची पाच किलोची जाड, पांढरी पिशवी.

"बाहेरून फक्त तुमची आणि शरूची खूण आहे," मॅडम म्हणाल्या. "ही बघा चौथी. आतल्या बाजूला. तोंडाजवळ दाट, खाली विरळ होत गेलेली. एखाद्यानं आत खोकावं तशी. याआधीच्या शनिवारांनासुद्धा अशीच, पिशवीतच."

"आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं तेव्हा आली नाही."

"हो. ताजी आहे म्हणतंय यंत्र. आठवड्याच्या आतली."

"ताजी आहे हे त्याला कसं कळतं?"

त्यांनी थोडं शोधून वाचलं. हवा आणि उजेड लागला की हे अंश झिजतात, किती झिजले त्यावरून यंत्र वय काढतं. म्हणजे त्याच्याजवळ दुसरं घड्याळ नव्हतं. जिथे हवा जात नाही, उजेड जात नाही, ओल नाही, अशा जागी ठेवलेली वस्तू त्याच्या दृष्टीनं कालचीच.

मी पडद्यावरचा तो विरळ होत गेलेला आकार पाहत राहिले. वर रुंद, खाली निमुळता. तो मी लहानपणापासून पाहत आले होते, फक्त मला तो कधी दिसला नव्हता.

आमच्या ओट्याखाली एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आई पिशव्या ठेवायची. कुठलीही पिशवी ती टाकत नसे. धुवायची, मग तिच्यात जोरात फुंकर मारून ती फुग्यासारखी फुगवायची. कुठे भोक असेल तर गालाला हवा लागते, आणि आतले चिकटलेले पापुद्रे सुटून लवकर वाळतात. दोरीला चिमट्यानं लावायची. वाळली की हवा काढून पट्टी करायची आणि समोशासारखी त्रिकोणी घडी घालून शेवटचं टोक आत खोचायची. "वेळेला लागतात," म्हणायची. घट्ट झाकणाचा, कोरडा, अंधारा डबा. दर शनिवारी मी त्यातली एक घडी सोडत होते, कचरा भरत होते आणि यंत्राकडे तुकडे करायला पाठवत होते.

"वैजयंतीताई? पाणी देऊ?"

"नको," मी म्हणाले. "त्या बाई आमच्याच घरातल्या आहेत."

*

आप्पांना मी दुपारी सांगितलं. माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि डबा मागितला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात खाली बसलो. झाकण उघडलं. तळाशी दोन घड्या उरल्या होत्या.

"इतक्या होत्या की गं," आप्पा म्हणाले.

मी एकदा त्या त्रिकोणी घड्यांकडे, एकदा माझ्या हातांकडे पाहत राहिले.

देसूरकर मॅडमचा माझ्यावर विश्वास होता, पण वरच्यांना पटेल असं काही त्यांना हवं होतं. डब्यातली न उघडलेली पिशवी यंत्रासमोर आणून उघडली आणि तीच खूण निघाली, तर प्रश्न मिटणार होता. पिशवी मात्र परत मिळणार नव्हती. वाचलेल्या वस्तूचे तुकडे होतातच, ते थांबवायची सोय नव्हती.

"नका देऊ," मी आप्पांना म्हणाले. "लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

"लोक मला म्हणत असते तर मीही हेच बोललो असतो," ते म्हणाले. "पण ते मालनबाईंनाही म्हणताहेत. त्यांनी काय म्हणून ऐकायचं?"

सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही तिघं फाटकाशी गेलो. घडी आप्पांनी खिशात, रुमालात गुंडाळून आणली होती. मॅडमसमोर त्यांनी ती सोडली आणि खिडकीत तिकीट द्यावं तशी यंत्राच्या तोंडात सरकवली. आत थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग पडद्यावर तोच आकार उमटला, वर रुंद, खाली निमुळता, आणि लगेच तुकडे पडल्याचा कोरडा आवाज आला. शरूनं माझा हात धरला.

"जुळली," मॅडम म्हणाल्या. "सर, उद्यापासून या. मी आत्ताच कळवते." मग त्यांना काही तरी करावंसं वाटलं असावं. "यात नावाची नोंद करता येते. चौथी सदस्य म्हणून. म्हणजे पुन्हा कधी अशी पिशवी आली तर अडचण नको. आणि फलकावर… नाव राहील त्यांचं."

फलकावर आमच्या घराच्या ओळीत तीन नावं होती. चौथ्यासाठी जागा होती. मी ती जागा पाहिली आणि हो म्हणावं असं मला फार वाटलं.

"आणि खूण यायची बंद झाल्यावर?" आप्पांनी विचारलं.

"मग… काही आठवड्यांनी यंत्र नाव पुसट करतं. आणि नंतर काढतं."

"नको," आप्पा म्हणाले. "ती गेल्याचं मला एकदा कळलंय, बाळ. परत यंत्राकडून कळायला नको."

ते खड्ड्यांकडे गेले. लांबूनच ओरडणं ऐकू आलं. "कुणी हे ओलं खत उन्हात पसरलंय? अकलेचे कांदे!"

*

संध्याकाळी मागच्या दारी लिंबं उतरवली होती. आप्पांनी त्यातली चांगली निवडून सुपात घेतली.

"मालनबाईंना नेऊन दे."

"तुम्ही द्या ना."

"मी नाही. तू."

मी ताट शोधू लागले. आप्पा ओट्याखाली वाकले, डबा काढला आणि शेवटची घडी माझ्यासमोर धरली.

"आप्पा, ही एकच राहिलीय."

"पिशवी आहे ती, वैजू. तिनं ठेवून द्यायला घडी घातली नव्हती."

त्यांनी खोचलेलं टोक सोडवलं. पिशवी एकेका वळणानं उलगडत लांब झाली. पण तोंडाशी दोन्ही पापुद्रे इतके चिकटले होते की त्यांच्या बोटांना ते सुटेनात. खतानं खरखरीत झालेली बोटं. त्यांनी दोनदा चोळून पाहिलं आणि पिशवी माझ्याकडे दिली.

मी नखानं तोंड किंचित सोडवलं आणि ओठांशी नेलं. फुंकर मारायची तर आधी श्वास आत घ्यावा लागतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी तो घेतला. तांदळाच्या कण्यांचा वास होता, थोडा प्लास्टिकचा, आणखी काही नाही. आप्पा माझ्याकडे पाहत होते. मग मी गाल भरून फुंकर मारली, पिशवी फटकन फुगली. गालाला कुठून हवा लागते का ते पाहिलं. कुठेही भोक नव्हतं. लिंबं भरली आणि कुराडेबाईंच्या दाराशी जाऊन कडी वाजवली.